विहिरीपर्यंतची चाल

माझी माय सिनेमा बघायला बसली की पडद्याच्या मधोमध कधी बघायची नाही. हिरो-हिरोईन बागेत गात असायचे, हिंगोलीच्या थेटरातल्या लेडीज क्लासच्या सगळ्या बायका माना उंचावून त्यांच्याकडे बघायच्या, आणि माझी माय माझं मनगट दाबून म्हणायची, ती मागची बाई बघ. मागे कुठेतरी डोक्यावर टोपली घेऊन एखादी बाई चाललेली असायची. तिला नाव नाही, बोलणं नाही. माय तिची चाल बघायची. चांगली चालली तर समाधानाने मान हलवायची, आणि लगबगीने गेली तर हिला कुणी नीट सांगितलंच नाही म्हणून हळहळायची. मला मनस्वी राग यायचा. कळमनुरीहून एसटीत उभ्याने यायचं, हळदीच्या बाजारातून शिंकत शिंकत थेटर गाठायचं, आणि बघायचं काय, तर टोपलीवाली.

मी तेव्हा कळमनुरीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे लागलेली नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि माय. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावंडांत मी शेंडेफळ, म्हणून मायची लाडकी आणि तोंडाने फटकळ. वर्गातल्या पोरींच्या वह्यांत नट्यांची चित्रं चिकटवलेली सापडली की मी ती फाडून काढायचे आणि घरी येऊन मायला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. माय ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, कशाला फाडतीस, त्या बी कुनाच्या तरी लेकी हायत.

माय स्वतः चौदा-पंधरा वर्षांची असताना एका फिल्म कंपनीत होती. स्टुडिओ हा शब्द तेव्हा मोठ्या लोकांचा. कामावरची माणसं कंपनीच म्हणत. मायचं गाव शिरड शहापूरच्या बाजूला, त्या वेळच्या निजामाच्या राज्यात. एका वाईट वर्षी तिची आई तिला घेऊन कुणा नातलगाच्या मागोमाग पार कोल्हापूरला गेली आणि कंपनीत कपडे धुण्याच्या, इस्त्रीच्या कामाला लागली. राजाचे अंगरखे, राणीचे शालू, राक्षसांचे झगे, सगळं धुवायचं, वाळवायचं आणि कोळशाच्या इस्त्रीने सरळ करायचं. वाळलेल्या कपड्यांचे गठ्ठे डोक्यावरून नेण्याचं काम मायचं.

तिच्या सांगण्यातल्या त्या कंपनीला छप्पर नव्हतं. एक मोठं अंगण, त्यात रंगवलेल्या कापडाचे महाल, आणि वर पांढरं कापड ताणलेलं. चहा गाळतात तसं ऊन गाळून खाली घ्यायचे. दिवे नव्हतेच, सूर्य होता तोवर काम. चांदीचा कागद लावलेल्या फळ्या धरून माणसं उभी असायची आणि नटांच्या तोंडावर ऊन फेकायची. ढग आला की सगळं ठप्प. मग राजा आणि त्याचा गुन्हेगार एकाच चटईवर बसून शेंगा सोलायचे. लाल रंग त्या वेळच्या सिनेमाच्या फितीवर काळा उमटायचा आणि निळं आभाळ पांढरं. विधवेला फिकी निळी साडी नेसवायचे, कारण खरं पांढरं लुगडं उन्हात दिपायचं आणि फितीवर त्याचा नुसता डाग दिसायचा. त्याच्या आधीच्या काळात तर बायकांची कामं पुरुषच करत. त्यातलाच एक जण म्हातारा होऊन तिथे कपाटांच्या किल्ल्या सांभाळायला राहिला होता. मायला निऱ्या काढायला त्यानेच शिकवलं. तिच्या निऱ्या मरेपर्यंत इतक्या सारख्या पडायच्या की शाळेतल्या बाया मला विचारायच्या, तुझी आई नेमकी कुठली गं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगायची. हिरोईन होती शहरातली, गोरीपान, कामाला चोख. पण डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, आणि हात मोकळे सोडून विहिरीपर्यंत जायचं, हे काही तिला साधेना. रिकामी भांडी भरलेल्यापेक्षा जास्त डुगडुगतात. दोन पावलं गेली की कळशी खाली. फीत वाया चाललेली, सूर्य कलत चाललेला. तेवढ्यात माय डोक्यावर कपड्यांचा गठ्ठा घेऊन, दोन्ही हात हलवत त्यांच्या मागून गेली. डायरेक्टरने तिला थांबवलं, हिरोईनचं लुगडं नेसवलं आणि सांगितलं की तुझी फक्त पाठ पाहिजे. झाडापासून विहिरीपर्यंत जायचं आणि काठावर हात टेकायचा. मग त्याने आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना मायचा आवाज दरवेळी खाली यायचा.

"म्हनला, तू पाटलाची सून हाईस. विहीर तुझी हाय. तुला घाई न्हाई."

हे आता स्पष्टच सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल यात काय एवढं. आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. माय लहानपणी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर ते वरून पाणी ओतणार. कधी घटकाभर उभं राहावं लागे, कधी दुपार जाई. कुणी मोठं माणूस आलं की आणखी मागे सरकायचं. पाणी मिळालं की ओतणाऱ्याचं मन बदलायच्या आत पळत सुटायचं. चौदा वर्षांच्या वयापर्यंत ती विहिरीकडे कधी सरळ चालत गेली नव्हती. आणि इथे एक माणूस तिला सांगत होता की हळू जा, अजून हळू. कंपनीतली विहीर म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि वरून चुना. आत थेंब नव्हता.

"पानी नव्हतं तिच्यात," माय म्हणायची, "पर काठ तर व्हता."

ती गेली, काठावर हात टेकला आणि कुणी हाकललं नाही. तो सिनेमा तिने कधीच बघितला नाही. त्याचं नावही तिला माहीत नव्हतं, नाव मागाहून ठेवायचे. तो तयार होऊन कुठे लागायच्या आत तिची आई आजारी पडली आणि पुढे वर्षभरात कंपनीच बदलली. बोलपट आले होते. अंगणावरचं पांढरं कापड निघालं, भिंती चढल्या, दारं बंद झाली, आत दिवे आले. आता कावळा ओरडला तरी काम थांबायचं. पाठ दाखवणाऱ्या पोरींनासुद्धा बोलून दाखवायला सांगितलं. मायने एक वाक्य म्हटलं, त्यात आमच्याकडचं न्हाई आणि व्हय आलं, आणि आतले लोक हसले. तिच्या आईच्या मरणानंतर नातलगाने तिला गावी आणून सोडलं आणि लगेच लग्न लावून दिलं. सासरी ती एवढंच सांगायची की कोल्हापूरला कंपनीत होते. ते लोक समजत, कापसाची जिनिंग कंपनी असेल. तिनेही तो समज कधी मोडला नाही, कारण सिनेमातल्या बाईला तेव्हा कोणत्या नावाने हाक मारत, हे तिला ठाऊक होतं.

आणि मी? मी तिसरीत असताना वर्गात उभी राहून सांगितलं होतं की माझी माय सिनेमात होती. मास्तरांनी विचारलं, कुठल्या? मला नाव सांगता येईना. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून ती गोष्ट मी ऐकायचे, पण तिच्यावरचा माझा विश्वास उडाला होता. मायने एकटेपणात मनाशी रचलेलं काहीतरी, असं मी धरून चालले. शिकलेल्या लेकींना आपल्या आयांबद्दल असं बरंच काही वाटत असतं.

वर्षातून एक-दोनदा कळमनुरीला सरकारी प्रचाराची गाडी यायची. शाळेच्या भिंतीवर चादर ताणायची, गाडीतून प्रोजेक्टर काढून टेबलावर मांडायचा आणि दिवेलागणीनंतर लोकांना माहितीपट दाखवायचे. देवीची लस, संकरित ज्वारी, छोटं कुटुंब. दाखवणारा ऑपरेटर परभणीचा, पन्नाशीचा, गळ्यात मफलर, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने एक वेगळंच रीळ आणलं. हिंदुस्थानात सिनेमा कसा सुरू झाला, कसा वाढत गेला, याचा माहितीपट होता. मी मायला घेऊन गेले. तिला आवडेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी तिचं खोटं पकडायचंही होतं.

पहिल्या काही मिनिटांतच माझी खात्री डळमळली. पडद्यावर हँडल फिरवायचा कॅमेरा आला, आणि त्याचं हँडल कसं फिरवतात हे माय मला दोन क्षण आधी सांगत होती. मग अंगण आलं. वर पांढरं कापड होतं. खाली फळ्या धरलेली माणसं होती. मायने माझा हात घट्ट धरला. हिंदीत माहिती सांगणारा गोड आवाजात बोलत होता की त्या काळची साधनं किती अपुरी होती, पण माय ते काही ऐकत नव्हती. चित्र बदललं. एक विहीर दिसली, शेजारी झाडाची एक मोठी फांदी.

"आमची विहीर," ती म्हणाली. "ती फांदी तारेनं बांधलेली हाय."

एवढ्यात उजवीकडून एक बाई आली. पाठमोरी, डोक्यावर घागर, घागरीवर कळशी. आणि ती पळत होती. चालणं नव्हतंच ते. शिलाई मशीनची सुई खालीवर होते तसे तिचे पाय होत होते, कंबर टुकटुक हलत होती, आणि एवढं सगळं होऊनही डोक्यावरची भांडी जागच्या जागी. विहिरीशी जाऊन तिने चटकन काठावर हात मारला आणि चित्र गेलं. सगळं मैदान खदखदून हसलं. पुढे बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. आणि मीही हसले. कुणाचं बघून नाही, आपणहून, मान मागे टाकून हसले. मग माझ्या लक्षात आलं की मायचा हात माझ्या हातात नव्हता.

खेळ संपल्यावर मी ऑपरेटरकडे गेले आणि तेवढाच तुकडा पुन्हा दाखवाल का म्हणून विचारलं. भला माणूस. त्याने रीळ मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. उठून चाललेले लोक परत बसले. या वेळी त्यांना माहीत होतं काय येणार, म्हणून ते आधीपासूनच हसत होते. ती बाई पुन्हा पळत आली, पुन्हा काठावर हात मारला. मी हसले नाही, पण आता त्याचा काय उपयोग.

घरी येताना माय आपणहून एकच बोलली.

"ती मी न्हाई," ती म्हणाली. "मी पळाले न्हाई. त्या विहिरीकडं मी पळाले न्हाई."

विहीर तर ओळखलीस ना, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, विहिरी सारख्याच असत्यात.

त्यानंतर तिने कंपनीचं नाव काढलं नाही. हिंगोलीला सिनेमाला चल म्हटलं की गुडघे दुखायचे. मी आडून आडून विचारून बघायचे, विधवेला कुठल्या रंगाची साडी नेसवायचे गं, ढग आला की काय करायचे. आठवत न्हाई, म्हणायची. ज्या गोष्टींना मी इतकी वर्षं मनातल्या मनात खोट्या म्हणत आले, त्या आता बंद झाल्यावर मला त्यांची भूक लागली. शाळेतून येताना वाटायचं, आज दार उघडताना ती काहीतरी सांगेल. ती भाकरी पुढे करायची आणि मीठ हवंय का विचारायची. वह्यांतली चित्रं फाडणं मी सोडून दिलं, तेही तिला सांगायचं धाडस झालं नाही. मी माझ्या मायला लोकांत बसून हसले होते, आणि माफी मागायला गेले असते तर ती बाई तीच होती हे आधी कबूल करावं लागलं असतं. तेच तर ती नाकारत होती.

मधे चार वर्षं गेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, ते साधलं नाही, आणि दुसऱ्याला ती हात लावू देईना. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. तरी निऱ्या तशाच पडायच्या.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचं परभणीला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. तक्ते कसे टांगावेत इथपासून प्रोजेक्टर कसा चालवावा इथपर्यंत सगळं होतं. शिकवणारे गृहस्थ कंटाळलेल्या आवाजात प्रोजेक्टरचा एकेक भाग दाखवत होते. मोटरीच्या बाजूला एक लहानसा खटका होता. तो खाली असला की बोलपटाची चाल, वर केला की मूकपटाची. ते म्हणाले, मूकपट हाताने हँडल फिरवून घेतलेले असत, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं. बोलपट चोवीसचा. जुनी फीत नव्या चालीवर लावली की माणसं पळताना दिसतात, लोक हसतात. पण ती माणसं पळत नव्हती, आपण त्यांना पळवतो. एवढं सांगून ते पुढच्या भागाकडे वळले.

मला तिथे, साठ-सत्तर मास्तर-मास्तरणींच्या मधे, रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी विचारत विचारत मी प्रचाराच्या गाडीचा ऑपरेटर शोधून काढला. त्याने मला ओळखलं. एकच तुकडा दोनदा बघणारी बाई त्याला दुसरी भेटली नव्हती. मी खटक्याचं विचारलं तसा तो ओशाळला. त्याच्या मशीनवरही तो होता, पण त्याने त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. एकदा गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून खटका वर गेला होता आणि एका बड्या असामीचं भाषण म्हशीच्या हंबरण्यासारखं लांबत गेलं होतं. लोक हसले, वर तक्रार गेली, त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला. तेव्हापासून पट्टी. आपल्याकडचे सगळे माहितीपट बोलतेच, त्यामुळे ती काढायचं कधी कारणच पडलं नाही. मी त्याला मायचं सगळं सांगितलं. त्याने गळ्यातला मफलर काढून हातात घेतला.

"बाई, गलती माझी हाय," तो म्हणाला. "मी येतो. दिवसा येतो, कुनी नसताना."

तो शब्दाला जागला. पुढच्या दौऱ्यात, दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असताना आला. आम्ही एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि फळ्यावर चादर टांगली. मायला मी काही लपवलं नाही. मशीनची चाल चुकली होती, तू पळाली नव्हतीस, हे तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मला काय दिसनार हाय आता? मी म्हटलं, तुला न्हाई माय, मला बघायचंय. मग ती उठली, लुगडं बदललं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून शाळेपर्यंत आली.

वर्गात आम्ही तिघंच. पोरींच्या बाकावर मायला बसवलं, मी तिच्या मागे उभी राहिले. ऑपरेटरने नखाने पट्टी खरवडून काढली, आवाज पूर्ण बंद केला आणि खटका वर केला. मशीनचा सूर बदलला. घाईघाईची घरघर जाऊन सावकाश टकटक सुरू झाली. मायने मान वर केली.

"ही बराबर हाय," ती म्हणाली. "अशीच वाजायची."

अंगण आलं, पांढरं कापड आलं. फळ्या धरलेल्या माणसांचे सदरे वाऱ्याने हलत होते. मागच्या खेपेला ते नुसते थरथरताना दिसले होते. मग विहीर आली. माय म्हणाली, आली का मी? मी म्हटलं, आलीस.

ती मोजायला लागली. एक. दोन. तीन. हे मोजणं तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. कॅमेरावाला हँडल सारखं फिरावं म्हणून तोंडाने अंक म्हणायचा, हे तिने मागाहून सांगितलं; पण ती एकेका अंकावर एकेक पाऊल टाकायची, हे मला तिथे, त्या अंधारात बघून कळलं. चार, माय म्हणाली, आणि पडद्यावरच्या पोरीने पाऊल टाकलं. पाच, आणि दुसरं पाऊल. कुठेही मागेपुढे नाही. पाठ ताठ, हात मोकळे, कळशी जराही हलत नव्हती. पदराचं टोक डाव्या पायाशी झुलत होतं. इतक्या निवांतपणे विहिरीकडे जाणारं आमच्यातलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नळावर अशी जात नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही तूच आहेस, पण तिचं मोजणं मोडलं असतं. नऊ. दहा. अकरा. बारावर तिने काठावर हात टेकला, हळू, तळवा पूर्ण पसरून.

आणि तिथेच चित्र बदललं. माहितीपट करणाऱ्याने तो तुकडा तिथे कापला होता. पडद्यावर कानाला यंत्र लावलेला एक टकला गृहस्थ आला. बोलपटाची गोष्ट सुरू झाली होती.

माय थांबली नाही. तेरा, ती म्हणाली. चौदा.

"आता बघ पोरी," ती म्हणाली. "ते म्हनले व्हते, पाठच पाहिजे. पर मी वळले. कुनी न सांगता वळून बघितलं. कुनी बघंल तर माझं तोंड बघंल म्हनून."

ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. त्याने मशीन बंद केलं नाही. टकला गृहस्थ पडद्यावर तोंड हलवत होता, आवाज नव्हता.

"दिसले का मी?"

"दिसलीस माय."

"हसून राहिले का मी?" तिने विचारलं. "मला ठावंच न्हाई, कशी बघून राहिले मी."

बोलता बोलता ती बाकावर बसल्या जागी डाव्या खांद्यावरून मागे वळली होती, माझ्याकडे. डोळ्यांत सायीसारखं पांढरं, पण मान उंच, आणि ओठ मिटलेले. पडद्यावरचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. मी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

"हसत न्हाईस," मी तिच्याकडे बघून सांगितलं. "सरळ बघून राहिलीस. मान वर हाय. कुनी हाकललं तरी हलनार न्हाई, अशी."

तिने मान हलवली. मग माझा हात शोधून धरला आणि म्हणाली, अजून एकदा लाव म्हनावं भाऊला.